टाकीतली मस्तानी: जुन्या गाडीत ऑइल आणि कूलंट मिसळलं, तर हेड उघडण्याआधी काय तपासायचं

"काका, टाकीत मस्तानी झालीय," मेस्त्री म्हणाला. बॉनेट वर होतं, कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीचं झाकण त्याच्या हातात होतं आणि झाकणाच्या आतून फिकट तपकिरी, सायीसारखा जाड थर लोंबत होता. "हेड गॅसकेट गेलं. हेड उघडावं लागेल." हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि गॅसकेट म्हणजे तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पातळ पॅकिंग. मी मान डोलावली. हेड उतरलं, फेसिंग मारून, म्हणजे तळ घासून सपाट करून, आलं, नवं गॅसकेट बसलं, नवे बोल्ट बसले, नऊ दिवसांनी गाडी घरी आली. तिसऱ्या आठवड्यात टाकीत पुन्हा तोच थर.

मग पुण्यातच नाना पेठेतल्या एका वयस्कर मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "पहिल्या वेळी पट्टीवरचं ऑइल कसं होतं?" पट्टी म्हणजे ऑइल तपासायची डिपस्टिक. ऑइल काळं होतं, पण स्वच्छ. पाण्याचा मागमूस नव्हता. "मग हेड कशाला उघडलं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्ध्या तासात त्यांनी दोष दाखवला. माझ्या गाडीत ऑइल फिल्टरच्या मागे तळहाताएवढा ऑइल कूलर आहे, तो आतून फुटला होता. चार बोल्ट, दोन रबरी सील, एक सुटा भाग. माझ्या आधीच्या बिलाच्या मानाने चिल्लर.

म्हणून हे लिहितोय. पंधरा वर्षांची गाडी वडिलांकडून आलेली असो किंवा सेकंडहँड घेतलेली, कधीतरी कुणीतरी तुम्हाला सांगणार की ऑइल-पाणी एक झालंय, हेड गेलं. ते खरं असूही शकतं. बऱ्याचदा असतं. पण 'मिसळलंय' एवढं कळणं वेगळं आणि 'कुठून मिसळलंय' हे कळणं वेगळं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हातात आल्याशिवाय पान्याला हात लावू द्यायचा नाही.

सगळ्यात आधी: चावी काढून खिशात ठेवा

पट्टीवरचं ऑइल दुधाळ दिसलं, की त्या क्षणापासून इंजिन बंद. "गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे, हळूहळू नेतो" हे म्हणायचं नाही. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा एक बारीक पापुद्रा असतो, त्यावर शाफ्ट अक्षरशः तरंगत फिरतो. ऑइलमध्ये पाणी गेलं की तो पापुद्रा टिकत नाही, धातूला धातू घासतो. कूलंटमधलं ग्लायकॉल तर ऑइलचा चिखल करतं आणि बेअरिंगचा मऊ थर खातं. गॅसकेटचं काम इंजिनकामात बदलतं ते याच दोन किलोमीटरांत, आणि संध्याकाळी सिंहगड रोडवर दोन किलोमीटर म्हणजे पंचवीस मिनिटं इंजिन चालू. टोचन लावा किंवा उचलून न्या. ढकलस्टार्टही नको.

ऑइल स्वच्छ असून फक्त कूलंटमध्ये तेल दिसत असेल तर थोडी सवलत आहे, पुढच्या एक-दोन तपासण्यांपुरतं इंजिन चालू करता येतं. पण भटकंती नाही.

आणखी एक. गरम इंजिनचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. सगळ्या तपासण्या सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवर करायच्या. कूलंट सांडलं तर लगेच धुऊन टाका. त्याची चव गोडसर असते आणि ते विषारी आहे. सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात.

शेजारी राहणारी दोन बिऱ्हाडं

तपासणीमागचं डोकं समजलं तर पुढचं सगळं सोपं आहे. ऑइल आणि पाणी इंजिनात जुन्या वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांसारखी राहतात. अंगण एक, भिंत सामायिक, येणं-जाणं नाही. ही सामायिक भिंत मोजक्याच ठिकाणी असते. पहिली, ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं हेड गॅसकेट. दुसरी, हेडची किंवा ब्लॉकची स्वतःची धातूची भिंत, जी तापून तडकू शकते. तिसरी, ऑइल कूलर, जिथे एका पत्र्याच्या अलीकडे गरम ऑइल आणि पलीकडे कूलंट वाहतं. हा कूलर बऱ्याच डिझेल गाड्यांत असतो. मारुती ८०० सारख्या साध्या पेट्रोल गाडीत तो नसतो, तिथे एक संशयित आपोआप कमी झाला. काही इंजिनांत टायमिंग कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या पुढच्या झाकणाच्या, मागूनही पाण्याची वाट जाते, तिथलं पॅकिंग गेलं तरी पाणी थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात. ओल्या लायनरच्या, म्हणजे सिलिंडरची सुटी नळी थेट पाण्यात बसवलेल्या, जुन्या इंजिनांत लायनरखालचे रबरी रिंगही फुटतात.

आता दाब. इंजिन वेगात फिरत असताना ऑइलचा दाब साधारण ३ ते ४ बार असतो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका). कूलंटचा दाब रेडिएटरचं झाकण ठरवतं, तो जुन्या गाड्यांत ०.९ ते १.१ बार. म्हणजे चालत्या इंजिनात जास्त दाबाचं ऑइल कमी दाबाच्या पाण्यात घुसतं. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब क्षणात शून्यावर येतो, पण तापलेल्या कूलंटचा दाब बराच वेळ टिकतो. मग उलटा प्रवास सुरू होतो, पाणी ऑइलमध्ये. तिसरा खेळाडू म्हणजे सिलिंडरमधला जळता वायू. त्याचा दाब या दोघांच्या कितीतरी पट. गॅसकेट सिलिंडरच्या कडेला फुटलं, तर हा वायू कूलंटमध्ये बुडबुडे सोडतो, तिथे ऑइलचा थेंबही मिसळलेला नसला तरी.

माझ्या गाडीत टाकीत तेल, पट्टी स्वच्छ, बुडबुडे नाहीत. चालत्या इंजिनात दाबाखालचं ऑइल पाण्यात जात होतं. हे गणित आधी केलं असतं तर पहिला संशय ऑइल कूलरवर गेला असता.

पायरी १: पट्टी, झाकण, टाकी. या क्रमाने

सकाळी गाडी सपाट जागी असताना पट्टी काढा, पांढऱ्या फडक्यावर पुसा, पुन्हा बुडवून काढा. तीन गोष्टी बघायच्या. रंग: दुधाचा चहा, कोल्ड कॉफी, राखाडी लोणी यांतलं काही दिसतंय का. पातळी: न ओतता वाढलीय का. ऑइल जळून कमी होतं, आपोआप वाढत नाही. वाढलं तर त्यात दुसरं काहीतरी येतंय. वास: इथे एक फसवी जागा आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत, पद्मिनीसारख्या, पेट्रोल पंप इंजिनला चिकटलेला असतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल चेंबरमध्ये उतरतं, पातळी वाढते, ऑइल पातळ होतं. पण ते दुधाळ होत नाही आणि वास पेट्रोलचा येतो. तो वेगळा आजार.

मग ऑइल भरायचं झाकण उघडा. इथे पुण्यातले निम्मे लोक विनाकारण घाबरतात. झाकणाखाली पिवळसर-पांढरा फेस दिसला म्हणजे हेड गेलं असं अजिबात नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यातली थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांवरून खाली इंजिनात उतरते. गाडी नीट तापली तर ती उडून जाते. पण सदाशिव पेठेतून मंडईत आणि मंडईतून घरी एवढंच चालणाऱ्या गाडीत, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत, ती सगळ्यात थंड जागी गोळा होते. ती जागा म्हणजे हे झाकण. ऑइलबरोबर घुसळून त्याचं लोणी होतं.

ओळखायचं कसं? पट्टीवरचं ऑइल स्वच्छ, कूलंटची पातळी जागेवर आणि फेस फक्त झाकणाला, असं असेल तर झाकण पुसा आणि रविवारी हडपसरहून सोलापूर रस्त्याने यवतपर्यंत जाऊन या. पुरती तापलेली गाडी तीस-चाळीस किलोमीटर सलग पळाली पाहिजे. परत आल्यावर फेस नसेल तर प्रकरण मिटलं. पुन्हा पुन्हा येत असेल तर इंजिनची वाफ बाहेर खेचणारी नळी आणि तिचा व्हॉल्व्ह तुंबलाय का बघा, तो साफ करणं सोपं काम आहे.

तिसरी गोष्ट, टाकी. इथे जुन्या मारुतीवाल्यांसाठी सूचना: ज्या गाड्यांत दाबाचं झाकण थेट रेडिएटरवर असतं आणि बाजूला साधी प्लॅस्टिकची बाटली असते, तिथे बाटली बघून भागत नाही. रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं सर्रास असतं.

टाकीत तपकिरी काही दिसलं की लगेच तेल म्हणू नका. नुसतं नळाचं किंवा बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलेल्या गाडीत गंज असतो, तोही तपकिरी. हातमोजा घालून चिमटीत घ्या. गंज खरखरीत लागतो आणि तळाशी बसतो. तेल बुळबुळीत लागतं आणि वर तरंगतं. दोन वेगळ्या जातीची कूलंट एकत्र ओतली तर जेलीसारखा गोळा होतो, पण त्याला तेलकटपणा नसतो. गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव कुणी ओतला असेल, तर त्याचाही तपकिरी गाळ बसतो. आणि नुसता इंद्रधनुषी तवंग, थर नाही, असं असेल तर आधी आठवा की शेवटचं पाणी कुणी आणि कशाने घातलं. गॅरेजमधल्या ऑइलच्या रिकाम्या डब्यातून पाणी घातलं की एवढा तवंग येतोच. गाडी ऑटोमॅटिक असेल तर एक जास्तीची शक्यता आहे. गिअरबॉक्सचं ऑइल बऱ्याचदा रेडिएटरच्याच आत थंड होतं, तिथे फुटलं तर टाकीत गुलाबी साय दिसते. तेव्हा इंजिनला दोष देऊ नका, गिअरबॉक्स वाचवा.

पायरी २: तव्यावरची परीक्षा

ऑइल जरा फिकट दिसतंय, पण खात्री होत नाही, अशा वेळी ही घरगुती चाचणी. भंगारात द्यायचा जुना तवा घ्या. स्वयंपाकघरातला घेतलात तर पुढची जबाबदारी तुमची. मोकळ्या हवेत, गाडीपासून लांब, तो चांगला तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्रकन उडून गेला पाहिजे. मग विस्तव बंद करा, चष्मा लावा आणि पट्टीच्या टोकावरून ऑइलचा एकच थेंब तव्यावर सोडा. नितळ ऑइल शांत पसरतं, थोडा धूर येतो. पाणी असेल तर मोहरीसारखं तडतडतं. किंचित तडतड म्हणजे वाफेचा ओलावाही असू शकतो, झाकणाची गोष्ट आठवा. थेंब उड्या मारायला लागला तर पाणी नक्की आहे.

त्याहून ठाम पुरावा चेंबरच्या नटाखाली मिळतो. गाडी रात्रभर उभी ठेवा. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे सुटं पाणी तळाशी बसतं. सकाळी काचेची बाटली खाली धरून नट अगदी सावकाश, एकेक पीळ सोडवा. ऑइलच्या आधी पाण्याची धार आली तर तिचा रंग बघा. हिरवी किंवा लाल-गुलाबी असेल तर कूलंट. रंगहीन किंवा मातकट असेल तर थांबा आणि आठवा. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या होत्या. अशा गाडीचं ऑइल दुधाळ होतं, पण कूलंट एक थेंब कमी झालेलं नसतं आणि गॅसकेट ठणठणीत असतं. सेकंडहँड घेताना तर हा मुद्दा डोक्यात ठेवाच. वॉशिंगवाल्याने प्रेशरने इंजिन धुतलं आणि पट्टी नीट बसलेली नसली, तरीही पाणी आत जातं.

ऑइल पार घुसळून लोणी झालेलं असेल तर मात्र रात्रभरात पाणी वेगळं होत नाही. तेव्हा धार नाही आली म्हणून निर्धास्त होऊ नका.

पायरी ३: गार इंजिन, कडक नळी

ही तपासणी फक्त पट्टी स्वच्छ असेल तरच. गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण लावून गाडी सुरू करा आणि रेडिएटरकडे जाणारी वरची जाड नळी हाताने दाबत राहा. पंख्यापासून हात आणि ओढणी लांब. पाणी तापून दाब तयार व्हायला वेळ लागतो. मिनिट-दोन मिनिटांतच, नळी गार असतानाच ती दगडासारखी झाली, तर दाब उष्णतेचा नाही. सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. इथे हेड गॅसकेटवर किंवा तडकलेल्या हेडवर बोट ठेवायला हरकत नाही.

गार इंजिनवर झाकण उघडं ठेवून, मग गाडी सुरू करून बुडबुडेही बघता येतात. सुरुवातीला चार-दोन येतात, ती आत अडकलेली हवा. इंजिनच्या तालावर एकसारखे येत राहिले तर वायू. गॅरेजमध्ये याची रासायनिक चाचणीही करतात. निळ्या द्रवाच्या नळीतून टाकीतली हवा ओढायची. जळलेला वायू असेल तर निळा द्रव पिवळा होतो, डिझेलमध्ये कधी हिरवट. पाणी वर ओढलं गेलं तर चाचणी वाया, म्हणून आधी टाकीची पातळी थोडी खाली आणायची. पण ही चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे गॅसकेट चांगलं, असं नव्हे. गॅसकेट फक्त ऑइलच्या आणि पाण्याच्या वाटेमध्ये फुटलं असेल, तर वायू येणारच नाही.

सायलेन्सरच्या पांढऱ्या धुराबद्दल दोन ओळी. डिसेंबरच्या सकाळी पाषाणला निघालेली प्रत्येक गाडी वाफ सोडते. गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर, त्याला गोडसर वास आणि टाकीतलं पाणी घटतंय, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच काळजी.

पायरी ४: पंपाने दाब. ही टाळू देऊ नका

संपूर्ण तपासणीतली सगळ्यात मोलाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही. कारण हिला वेळ लागतो आणि 'हेड उघडतो' म्हणायला लागत नाही.

गार इंजिनवर रेडिएटरच्या झाकणाच्या जागी दाब दाखवणारं घड्याळ लावलेला हातपंप बसवायचा आणि झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब द्यायचा. ०.९ लिहिलं असेल तर ०.९, जास्त नाही. मग दहा-पंधरा मिनिटं काटा बघत बसायचं. काटा जागेवर राहिला तर पाण्याची बाजू निदान गार असताना तरी धरतेय. काटा उतरला तर पाणी कुठेतरी जातंय, आणि आता ते शोधायचं.

नाना पेठेतल्या मेस्त्रींनी काय केलं ते जसंच्या तसं सांगतो. ऑइल काढून टाकलं, चेंबरचा नट उघडाच ठेवला. ऑइल फिल्टर काढला. दाब दिला आणि स्टूल ओढून चहा मागवला. सहाव्या-सातव्या मिनिटाला फिल्टरच्या रिकाम्या जागेतून, मधल्या भोकाच्या कडेला, एक हिरवा थेंब जमला. मोठा झाला, पडला. मग दुसरा. "हे बघा, हेडपासून किती लांब आहे," एवढंच ते बोलले.

थेंब फिल्टरच्या जागी आला तर कूलर. नुसता चेंबरच्या नटातून आला तर गॅसकेट, तडा, टायमिंग कव्हर किंवा लायनर, म्हणजे पुढे शोधावं लागेल. पेट्रोल गाडीत सगळे प्लग काढून ठेवले आणि एका भोकात पाणी दिसलं, तर तो सिलिंडर गुन्हेगार. प्लग काढले आहेतच तर एकमेकांशेजारी ठेवून बघा. तीन काळपट आणि एक धुतल्यासारखा लख्ख असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाण्याची वाफ खेळतेय.

ऑइल कूलर काढलाच तर त्याचीही वेगळी परीक्षा घेता येते. एक तोंड बंद करून दुसऱ्यातून हलका हवेचा दाब द्यायचा आणि बादलीतल्या पाण्यात बुडवायचा. पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसं. कधी कूलर ठीक निघतो आणि त्याच्या खालचे रबरी सीलच कडक होऊन आक्रसलेले असतात.

पायरी ५: कॉम्प्रेशन

प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो, ते घड्याळाने मोजायची ही चाचणी. ही मेस्त्रींकडूनच करून घ्या. दुधाळ ऑइल असेल तर आधी ते काढून साधं ताजं ऑइल घालायचं, कारण इथे स्टार्टर मारावा लागतो. बॅटरी भरलेली, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार म्हणजे १५० ते १८० पौंड प्रति चौरस इंचाच्या आसपास आकडा येतो, डिझेलमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त. जुन्या इंजिनात सगळेच आकडे थोडे कमी असतील, त्याने बिघडत नाही. बघायचा तो फरक. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील, तर त्या दोघांमधली गॅसकेटची पट्टी जळालीय. आकडे कागदावर लिहून घ्या, फोटो काढा. "कॉम्प्रेशन डाऊन आहे" हे वाक्य म्हणजे आकडा नव्हे.

हेड उघडायचंच ठरलं तर

पुरावा हेडकडेच बोट दाखवत असेल तर खुशाल उघडा. पण गॅसकेट का गेलं हेही विचारा. गॅसकेट सहसा आपणहून मरत नाही, गाडी तापून मरतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. ०.९ बारचं झाकण शाबूत असेल तर तेच पाणी ११८ अंशांच्या जवळपास जाईपर्यंत दम धरतं. झाकणाचा रबर कडक झाला, की मे महिन्यात एसी लावून खंबाटकी घाट चढताना काटा लाल. त्यामुळे झाकण, थर्मोस्टॅट, पंख्याचा स्विच आणि वॉटर पंप हे चारही बघितल्याशिवाय नवं गॅसकेट बसवणं म्हणजे पैसे भरून तारीख पुढे ढकलणं.

हेड लेथवाल्याकडे जाण्याआधी त्यावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या बारीक पात्यांनी, वाक मोजायला सांगा. लहान पेट्रोल इंजिनांत बऱ्याचदा ०.०५ मिलिमीटर हीच मर्यादा असते, म्हणजे केसापेक्षाही बारीक. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये असतो. वाक नसेल तर फेसिंग कशाला? आणि तड्यासाठी हेडची पाण्यात बुडवून दाबाची चाचणी करून घ्याच, फेसिंग मारण्याआधी. तडकलेल्या हेडला गुळगुळीत करून बसवल्याची उदाहरणं कमी नाहीत. डिझेलवाल्यांनी गॅसकेटच्या कडेच्या, जाडी सांगणाऱ्या खाचा किंवा भोकं मोजून तीच जाडी मागावी. जुनं गॅसकेट दुकानात सोबत न्या. आवळताना कायमचे ताणले जाणारे बोल्ट असतील तर नवेच, आणि आवळणी मधून बाहेर, टॉर्क पान्याने, टप्प्याटप्प्याने.

साफसफाई, जी अर्धवट सोडली जाते

दोष दुरुस्त झाला तरी आतली मस्तानी तशीच असते. ऑइलच्या बाजूला: ताजं ऑइल आणि फिल्टर घाला, इंजिन तापेपर्यंत चालवा, सगळं काढा, पुन्हा ताजं ऑइल आणि फिल्टर. पहिलं भरण स्वस्तातलं चालेल. दुसरंही फिकट निघालं तर तिसरं.

पाण्याच्या बाजूला जास्त चिकाटी लागते. टाकी काढून गरम पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने वेगळी धुवा. बाकीच्या सिस्टिमला कमी फेसाचं डिटर्जंट किंवा रेडिएटर फ्लश घालून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून फिरवा, काढा, साध्या पाण्याने फिरवा, काढा. माझ्या गाडीला सहा वेळा लागलं, सहाव्यांदा तवंग दिसेना. रबरी नळ्या दाबून बघा. तेलाने फुगून मऊ, लिबलिबीत झालेल्या नळ्या पुन्हा कडक होत नाहीत, बदला. शेवटी कूलंट डिस्टिल्ड पाण्यात, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. वाघोलीच्या टँकरचं पाणी नको, त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. काढलेलं ऑइल आणि कूलंट गटारात ओतू नका, ते थेट मुठा नदीत जातं. गॅरेजमधल्या जुन्या ऑइलच्या पिंपात ऑइल द्या, कूलंट वेगळ्या कॅनमध्ये ठेवून त्यांच्याच हवाली करा.

मग टाकीवर गार इंजिन असताना मार्करने पातळीची रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. पहिले पंधरा दिवस रोज सकाळी रेघ आणि पट्टी, दोन्ही बघा. माझ्या टाकीवर तीन रेघा आहेत. पहिल्या दोन गॅसकेटनंतरच्या, एकीखाली एक उतरत गेलेल्या. तिसरी कूलर बदलल्यानंतरची, आणि पाणी अजून तिथेच आहे.